जवळच्या डुकराला दुर्बीण

यंदा घरामागच्या वावरात शेजाऱ्यांनी कितीतरी वर्षांनी ज्वारी पेरली. आमच्याकडे सोयाबीन आलं तेव्हापासून ज्वारी दिसेनाशीच झाली होती. सोयाबीन कमरेच्या वर जात नाही, त्यात काही लपत नाही, आणि ते आवाजही फारसा करत नाही. ज्वारी मात्र दिवाळी होऊन कणसं चिकात आली की बोलायला लागते. उन्हं कलतात, पानाला पान घासतं, हिरव्या ताटांचा गोडसर वास अंगणापर्यंत येतो, आणि मी हातातलं काम थांबवून ऐकत बसते. आत वारा आहे, कुत्रं आहे, डुक्कर आहे की माणूस, हे त्या आवाजावरून कळत नाही. सून विचारते, "आई, काय पाहून राह्यल्या?" मी म्हणते, काही नाही.

काही नाही म्हणते आणि मन जाऊन बसतं जळगाव जामोदच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, माझ्या सासरच्या गावात. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. शाळेच्या भिंतीवर नव्या राज्याचा नकाशा रंगवला होता आणि आमचं गाव त्याच्या अगदी कडेला पडत होतं. रंगाऱ्याचा ब्रश नेमका तिथंच घसरला होता. मी मलकापूरची. वडील जिनिंगमध्ये कारकून. लहानपण गाड्यांच्या शिट्ट्यांत आणि कापसाच्या गाठींच्या वासात गेलेलं. सासरच्या गावात कसाबसा आठवडी बाजार होता, आणि संध्याकाळ झाली की डोंगर इतका जवळ येऊन बसायचा की मला दार लावून घ्यावंसं वाटायचं.

घरात आम्ही चौघं. माझे भासरे तुळशीराम, म्हणजे यांचे थोरले भाऊ, त्यांची बायको म्हणजे माझी जाऊबाई, हे, म्हणजे भासऱ्यांचा मोत्या, आणि मी. सासू-सासरे गेलेले. भासऱ्यांसमोर मी बोलत नसे. तशी रीतच होती. ते ओसरीवर आले की पदर पुढे ओढायचा आणि भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. लग्नानंतरची कितीतरी वर्षं मला त्यांचे पाय, धोतराचा काठ आणि खोकला एवढंच ओळखीचं होतं. आणि त्यांची रायफल.

ती एका निवृत्त जंगलसाहेबाकडून घेतलेली, आखूड आणि हलकी होती. पिकाच्या राखणीचा परवाना भासऱ्यांच्या नावावर होता. ओसरी झाडताना जाऊबाई ती एका हातानं उचलून बाजूला ठेवत, केरसुणी ठेवावी तशी. डुक्कर असो, रोही म्हणजे नीलगाय असो, पिसाळलेलं कुत्रं असो, सगळ्याला तीच. पंचक्रोशीत भासऱ्यांच्या नेमाचं नाव होतं. ज्वारीच्या हंगामात दिवस मावळायच्या आधी ते मचाणावर जाऊन बसत आणि आसपासचे शेतकरी निर्धास्त होत.

आमच्या घराची निर्धास्ती मात्र दुर्बीण आली त्याच्या आदल्या कार्तिकात संपली होती.

त्या वेळी वाटणीचा विषय निघाला होता. नाल्याकाठची पट्टी, जिच्यात विहीर होती, ती यांना हवी होती. भासऱ्यांना वाटणीच नको होती. दोघा भावांचं ओसरीवर जोरजोरात झालं, जाऊबाईंनी मध्ये पडून थांबवलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका संध्याकाळी हे वावरातून आले ते सरळ स्वयंपाकघरात येऊन चुलीपाशी बसले. तोंडावर रक्ताचा टिपूस नव्हता. मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"काय झालं?"

"गोळी गेली. कानापासून. बाजूचं ताट मोडलं."

"कोणाची गोळी?"

यांनी ओसरीकडे पाहिलं. तिकडे भासरे नुकतेच आले होते आणि जाऊबाईंना सांगत होते, "डुक्कर होतं. पळालं."

एवढंच. जेवताना कोणी त्यावर बोललं नाही. यांनी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून हे उन्हं कलली की त्या वावरात पाय ठेवीनात. घास कमी झाला. मी रात्री कूस बदलली तरी हे जागे. आणि एकदा संशयानं घरात बैठक मारली की त्याला रोजचं खाणं मिळत राहतं. भासरे धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, समोर आले आणि न बोलता निघून गेले, हे यांना लागलं. भासऱ्यांनी ताटात मीठ जास्त घेतलं आणि भाकरी अर्धी टाकून उठले, तर यांना वाटलं, आपण जेवायला बसलो म्हणून. बाजारात यांनी हात केला आणि भासरे तोंड फिरवून गेले. "पाह्यलं?" हे मला म्हणाले. "भर बाजारात. मी दिसलोच नाही जसा."

वर्ष असंच गेलं. पुन्हा ज्वारी उभी राहिली. आणि एके दिवशी भासऱ्यांनी ओसरीवर जाहीर केलं, "रायफलीवर दुर्बीण बसवतो म्हणतो."

हे दारात बैलाची वेसण दुरुस्त करत होते. हातातली दोरी तशीच राहिली.

रात्री मला म्हणाले, "मचाण कुठं अन् डुक्कर कुठं. आपल्या ओसरीवरून मारुतीच्या पारापर्यंत जेवढं, तेवढं अंतर. एवढ्या जवळच्या डुकराले दुर्बीण काऊन लागते?"

आमच्या भागात रायफलीवर दुर्बीण कोणी पाहिलीच नव्हती. ती साहेब लोकांची, डोंगरावरच्या वाघाची गोष्ट. नाल्याकाठच्या डुकराशी तिचं काय काम?

बऱ्हाणपूरकडचे एक हकीमभाई बंदुका दुरुस्त करत गावोगाव फिरायचे. ते पत्र्याची पेटी घेऊन आले. मी स्वयंपाकघराच्या दाराआड बसून तूर पाखडत होते. पाखडणं कमी, ऐकणं जास्त. पेटीतून फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेल्या तीन दुर्बिणी निघाल्या. एक लांब, जाडजूड, पुढे मोठी काच. दुसरी मधली, तिला एक कडं होतं, ते फिरवलं की समोरचं चित्र जवळ यायचं. तिसरी अगदी साधी, सरळ नळी, वीतभर, ज्वारीच्या ताटाएवढी जाड.

"ही घ्या पाटील," हकीमभाई मोठी पुढे करून म्हणाले. "पहाडावरच्या पाखराचा डोळा दिसन."

भासऱ्यांनी ती डोळ्याला लावून बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी जे विचारलं ते ऐकून माझ्या हातातलं सूप थांबलं.

"मान्साचं तोंड वळखू येते का यातून? कोन मानूस हाय ते समजते का?"

हकीमभाई हसले. "तोंडच काय, मिशी मोजा."

मी ते रात्री यांना सांगितलं. सांगायला नको होतं की सांगायलाच हवं होतं, याचा मी पुढे फार विचार केला. तेव्हा मात्र राहवलं नाही. हे छताकडे पाहत पडले होते. म्हणाले, "आपण मलकापूरले जाऊ. तुह्या बाबाले सांगून जिनिंगमधी कुठंतरी लागतो. वावर राहू दे त्याले. विहीर बी राहू दे." दुसऱ्या दिवशी सकाळी मी लग्नातली ट्रंक खाली काढली.

हकीमभाईंनी मोठी दुर्बीण रायफलीवर बसवून दिली आणि बाकीच्या दोन्ही ठेवून ते पुढच्या गावी गेले. पाहून ठेवा, चारसहा दिवसांनी येतो म्हणाले. मग भासऱ्यांचा दिवस ओसरीवरच जायला लागला. ज्वारीच्या पोत्यांवर रायफल टेकवायची आणि दुर्बिणीला डोळा लावून बसायचं. गावविहिरीवरच्या बायका पदर सावरून कुजबुजू लागल्या. गुरं घेऊन जाणारा गुराखी वाट वाकडी करून जाऊ लागला. जाऊबाईंना कोणीतरी बोललं असावं. त्या घागर आणून आदळत. भासरे कोणाला काही सांगत नव्हते. डोळ्याजवळची काच फिरवायचे, डोळे चोळायचे, पुन्हा पाहायचे. एकदा मी अंगणात मिरच्या वाळत घालत होते. वर पाहिलं तर ती मोठी काच उन्हात चमकली आणि तिचं तोंड नाल्याकडे होतं, जिथं हे विहिरीवर मोट हाकत होते.

त्याच दुपारी जाऊबाई देवळात गेलेल्या, भासरे मागच्या अंगणात. ओसरीवर पोत्यांवर रायफल तशीच टेकलेली. मी गेले. बंदुकीला हात लावायची माझी छाती नव्हती, म्हणून हात पाठीमागे बांधून नुसती वाकले आणि डोळा लावला. आधी काळं गोल दिसलं. डोळा पुढे-मागे केला तेव्हा एकदम उजेड झाला आणि त्यात हे होते. इतके जवळ की गळ्यातला काळा दोरा दिसत होता. घाम पुसायला त्यांनी पटका सोडला. आणि त्यांच्या छातीवर बारीक काळी फुली होती. मी मागे सरले तर हे लांब होते, मुंगीएवढे. पुन्हा वाकले तर छातीवर फुली.

मागे खोकला आला.

मी पदर ओढला नाही. हे मला नंतर जाऊबाईंनी सांगितलं, कारण त्या तेवढ्यात दारात आल्या होत्या. मी वळले आणि लग्नानंतर पहिल्यांदा भासऱ्यांच्या तोंडाकडे पाहून बोलले.

"दादा, ही दुर्बीण कोणासाठी हाय?"

ते खाली बसले. आणि म्हणाले, "तुह्या नवऱ्यासाठीच."

जाऊबाई "अहो!" म्हणून पुढे आल्या. भासऱ्यांनी त्यांना हातानं थांबवलं.

"ऐकून घे बाई. मले लांबचं दिसत नाही. दोन सालापासून. हातावरचं दिसते, त्याच्या पुढं सारं धुकं. मांगच्या कार्तिकात जवारी हालली. काळं दिसलं. म्या गोळी झाडली. अन् मंग काळ्याच्या वर पांढरं हाललं. पटका होता." त्यांनी स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला. "मोत्या होता. घोंगडी घेतली होती त्यानं खांद्यावर. मले तो धावताना दिसला तवा समजलं."

"आणि तुम्ही सांगितलं, डुक्कर होतं," जाऊबाई म्हणाल्या.

"काय सांगू? चार दिवस आधी भांडण झालं होतं. कोनाले खरं वाटलं असतं?"

मला खरं वाटलं का? आज सांगते, पुरतं नाही. माणूस बोलत होता तेव्हा मी त्यांचे डोळे पाहत होते, कारण ते मी पहिल्यांदाच पाहत होते. पिवळट, पाणावलेले, माझ्याकडे पाहताना किंचित मिटलेले. पण संशय एवढ्यानं उठून जात नाही. तो बसल्या जागेवरून विचारतो: दिसत नव्हतं, तर चष्मा का नाही केला? मी ते तसंच विचारलं.

"चष्मा लावला की समदे इचारतीन, कवापासून दिसत नाही. मंग बंदुकीचा परवाना जाईन. अन् मांगच्या सालची गोळी निघीन. म्हनून दुर्बिणीचं सोंग. हकीमभाईनं सांगितलं, डोळ्याजवळची काच फिरवली की ज्याले जसं पाह्यजे तसं दिसते. मी दिवसभर तेच पाहून राह्यलो. कोनत्या दुर्बिणीतून मानूस मानसासारखा दिसते."

हे संध्याकाळी आले तेव्हा जाऊबाईंनीच सगळं सांगितलं. हे जोडे न काढता अंगणात उभे राहून ऐकत होते. ऐकून झाल्यावर थोरल्या भावाकडे न बघता म्हणाले, "झालं तुमचं? आता मले असं सांगा, खोटं नसन कशावरून?"

भासऱ्यांनी मान खाली घातली. कशावरूनही नाही, हे त्यांना माहीत होतं.

मग हेच म्हणाले, "उद्या दिवस कलला की पाहू, मी तुम्हाले कशातून माणूस दिसतो ते. मी जवारीत जातो. तुम्ही मचाणावर. बोल्ट हिच्या हातात राहीन."

बोल्ट म्हणजे रायफलीच्या पाठीतला लोखंडी दांडा. तो काढून घेतला की उरते ती नुसती नळी, गोळी उडू शकत नाही. दुसऱ्या दिवशी तो मी पदरात बांधून घेतला. थंड आणि तेलकट होता. तेलाचा डाग त्या लुगड्यावरून शेवटपर्यंत गेला नाही. मचाणावर भासरे, मी आणि जाऊबाई. हकीमभाई सकाळीच परत आले होते, तेही शिडीवर अर्ध्यात उभे. हे घोंगडी पांघरून ज्वारीत शिरले, आणि आमची काळी कालवड यांनी दोरीनं ओढत बरोबर नेली. अटच तशी होती. हे एका ठिकाणी, कालवड दुसऱ्या ठिकाणी बांधायची, आणि मचाणावरून भासऱ्यांनी ओळखायचं, कोणतं काय.

सूर्य डोंगराला टेकला होता. ज्वारीची कणसं तांबूस दिसत होती आणि खाली ताटांच्या मुळाशी अंधार साचायला लागला होता. दव पडायला सुरुवात झाली होती. मचाणाची लाकडं हाताला ओलसर लागत. आत कुठंतरी पानं हलली. आधी डावीकडे, मग नाल्याच्या बाजूला.

मोठी दुर्बीण आधी. ती बसवल्यावर ती हलकी रायफल वरून जड झाली. भासऱ्यांच्या हातात एका अंगाला कलंडायला लागली. त्यांनी डोळा लावला आणि शोधत राहिले. "सापडून नाही राह्यलं. नुसती पानं. एकेक पान म्हशीएवढं." मग म्हणाले, "हालते लय. माह्या छातीचा ठोका बी त्यात दिसते." आणि थोड्या वेळानं, "काळंच काळं झालं आता."

हकीमभाई खालून म्हणाले, "डोळा अजून जवळ घ्या."

"अन् गोळी सुटल्यावर?" भासरे म्हणाले. "तुमच्या भिवईवर झालं तसं?" हकीमभाईंच्या भिवईवर चंद्रकोरीसारखा जुना वण होता. धक्क्यानं दुर्बीण मागे येऊन बसल्याचा. त्यांनी तिथं हात फिरवला आणि दुसरी काढून दिली.

मधलीत कालवड सापडली. हे सापडेनात. कडं फिरवून चित्र लांब केलं तेव्हा बरं दिसू लागलं. जवळ आणलं की पुन्हा पानांचं जंगल. भासरे म्हणाले, "डुक्कर उभं राहीन का माह्यासाठी, मी हे कडं फिरवतो तवर?"

शेवटी ती साधी नळी. ती बसवल्यावर रायफल पुन्हा रायफलीसारखी झाली. डोळा वीतभर मागे ठेवला तरी चालत होतं, आणि दुसरा डोळा उघडाच राहिला. भासऱ्यांनी डोळ्याजवळची काच सावकाश फिरवली, थांबले, परत थोडी उलटी फिरवली. समोरचं उजेडाचं गोल मोठं होतं. त्यात अख्खी पट्टी मावत होती. हकीमभाई नाराजीनं म्हणाले, "यात दूरचं काही येत नाही, पाटील."

"दूरचं कोनाले पाह्यजे?"

मग भासरे बोलायला लागले. हळू, जसं काही मचाणावर दुसरं कोणी नव्हतंच. "ते कालवड. मान खाली. खाऊन राह्यली... हे इकडं. घोंगडी. बसला हाय. गुडघा टेकला. बिडी काढली... इझली काडी. दुसरी घासली." काडीचा ठिपका आम्हालाही दिसला, पण माणूस दिसला नाही. "उभा राह्यला. पटका काढला. तोंड इकडं केलं त्यानं."

ते थांबले. मी पदरातला बोल्ट मुठीत घट्ट धरला. त्यांनी डोळा काचेवरून काढला नाही. जाऊबाईंनी विचारलं, "काय झालं?"

"लय वाळला व मोत्या," भासरे म्हणाले. "गालं बसले त्याचे. मले दिसलंच नाही. घरातच असून."

त्यांनी रायफल खाली ठेवली आणि हातांत तोंड झाकलं. खाली ज्वारी हलत हलत जवळ येत होती. हे कालवडीला ओढत परत येत होते.

मचाणाखाली येऊन यांनी वर पाहिलं. "काय दिसलं?"

उत्तर मीच दिलं. भासरे म्हणाले तेच शब्द सांगितले. हे खाली उभे राहून कालवडीच्या मानेवरची गोचीड काढत राहिले. मग वर न पाहता मला म्हणाले, "दे त्याचं त्याले."

मी पदराची गाठ सोडली. ओढून बांधलेली होती, बोटांना सुटेना. जाऊबाईंनी दातांनी सोडवली.

साधी नळीच ठरली. ट्रंक पुन्हा वर गेली. पुढच्या महिन्यात मी भासऱ्यांना मलकापूरला माझ्या वडिलांकडे घेऊन गेले आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. चष्मा आला. परवान्याचं कोणी काही विचारलं नाही. जी भीती त्यांनी वर्षभर पोसली ती कचेरीपर्यंत पोहोचलीच नाही. वाटणी पुढे रीतसर झाली, पट्टी यांना आली, विहीर दोघांची राहिली.

सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. यांच्या मनातलं शेवटचं कुसळ निघालं होतं का, हे मला यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एवढं खरं की त्या हंगामापासून हे उन्हं कलल्यावर ज्वारीत शिरायचे तेव्हा आधी धुऱ्यावर थांबायचे. पटका हातात घेऊन उंच धरायचे आणि मचाणाकडे तोंड करून मोठ्यानं हाक मारायचे,

"दादा, मी हाव!"

आणि ताटांच्या वरून, अंधुक होत चाललेल्या उजेडातून, भासऱ्यांचा आवाज यायचा,

"दिसला बे. ये."